हॉप्सचा वेल घरी लावताय? आधी पहिल्या वर्षाचा हिशोब बघा



आजचा विषय आपल्याच बॅचच्या दोघांनी दिलाय. एक ताई अमेरिकेत ओरेगॉनमध्ये असतात, पोर्टलंडजवळ. घरामागे अंगण आहे, दक्षिणेकडची भिंत मोकळी आहे, आणि शेजारी हौसेने घरी बिअर बनवतो. तो म्हणाला, “हॉप्स लावा, मी विकत घेईन.” दुसरा त्यांचाच मावसभाऊ, सिन्नरचा. ताईंनी येताना बॅगेतून बेणं आणायचं आणि याने अर्धा एकर शेडनेटमध्ये हॉप्स लावायचे, असा बेत आहे. त्यासाठी घरातली तीन लाखांची एफडी मोडायची असं त्याचं जवळजवळ ठरलंय.

वेल एकच, पण माझं उत्तर दोघांना वेगवेगळं आहे. ताईंना मी म्हटलं, लावा. भाऊला म्हटलं, थांब. का, ते आज नीट सांगते.

आधी वेल समजून घेऊ. हॉप्स हा भांगेच्या कुळातला वेल आहे, पण त्याने नशा होत नाही. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बाजारात किंमत आहे ती फक्त मादी वेलाच्या फुलांना. ही फुलं हिरवी, खवल्याखवल्यांची, अंगठ्याएवढी असतात. खवले उलगडले की आत हळदीसारखी पिवळी पूड दिसते, तिला ल्युपुलिन म्हणतात. बिअरचा कडवटपणा आणि वास यातून येतो. जमिनीखाली याचा गड्डा असतो आणि तो वीस-वीस वर्षं जगतो. वरचा वेल मात्र दर हिवाळ्यात वाळून जातो आणि वसंतात पुन्हा शून्यातून उगवतो. अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं आणि जर्मनीतलं हालरटाऊ ही याची जगातली मोठी आगारं. ओरेगॉनचं विलामेट खोरंही जुनं हॉप्सचं. म्हणजे ताईंच्या अंगणाला हवा, पाणी आणि ऊन तिन्ही जमतंय.

ताईंचं अंगण

तिकडे मार्च-एप्रिलमध्ये नर्सरीत हॉप्सचं बेणं मिळायला लागतं. दिसायला वाळक्या मुळीचा तुकडा, बोटाएवढा जाड, त्यावर डोळे. आपण हळद किंवा आलं लावतो तसंच समजा. बीपासून कधीच सुरुवात करू नका. बियांतून नर येईल की मादी हे आधी कळत नाही, आणि आईचे गुण उतरतीलच असंही नाही. बेणं हा मूळ वेलाचाच तुकडा असतो, त्यामुळे जे घेतलं तेच उगवतं. आपल्याकडे ऑनलाइन “हॉप्स सीड्स” म्हणून पाकिटं दिसतात, त्यांच्या नादी न लागण्याचं कारण हेच.

वाण कोणता? नवशिक्यासाठी कॅस्केड. 1972 साली ओरेगॉनमधूनच बाहेर आलेला वाण आहे, वाढायला जोमदार आणि घरी बिअर करणाऱ्यांच्या ओळखीचा. शेजाऱ्याने ताईंना सिट्रा आणि मोझॅक ही नावं सांगितली होती. बिअर पिणाऱ्यांत ती आज जास्त चालतात, पण ते वाण खासगी मालकीचे आहेत. त्यांचं बेणं घरगुती लागवडीसाठी उघडपणे विकत मिळत नाही. धंद्याच्या नजरेने ही मोठी गोष्ट आहे. ग्राहक ज्या नावाला जास्त पैसे देतो, ते नाव तुम्ही लावूच शकत नाही.

लावायची पद्धत सोपी आहे. पाणी न साचणारी जमीन, भरपूर शेणखत किंवा कंपोस्ट, दिवसाला किमान सहा ते आठ तास थेट ऊन. बेणं आडवं ठेवायचं, डोळे वर, आणि वर दीड-दोन इंच माती. एकाच वाणाचे वेल तीन फुटांवर लावले तरी चालतात. दोन वेगळे वाण असतील तर पाच फूट तरी सोडा, नाहीतर वर गेल्यावर ते असे गुंततात की कुठलं फूल कुठल्या वेलाचं ते सांगता येत नाही. नावाची पाटी पहिल्याच दिवशी लावा. कुंडीतही वेल जगतो, पण मुळं पसरतात. कुंडी लावायचीच तर 60-70 लिटरची, छोटी नको. (माझं कुंड्यांचं दुकान आहे, तरी सांगते, जमीन असेल तर जमिनीतच लावा.)

मग दोरी. हा वेल द्राक्षासारखा तणाव्याने धरत नाही. त्याच्या खोडावर बारीक आकडे असतात आणि तो स्वतःच दोरीला वेटोळे घालत चढतो. देवळात आपण ज्या दिशेने प्रदक्षिणा घालतो, त्याच दिशेने. उलटा गुंडाळलात तर दोन दिवसांत स्वतःला सोडवून घेतो. मोठ्या शेतात मांडव साधारण 18 फूट उंच असतो. घरी छपराच्या कडेपासून 12-15 फुटांची दोरी खाली आणून खुंटीला बांधली की झालं. दोरी खरखरीत हवी, नायलॉनवरून वेल घसरतो. गंमत बघा, अमेरिकेतल्या हॉप्सच्या शेतांत हजारो मैल दोरी लागते ती नारळाच्या काथ्याची, आणि ती श्रीलंकेहून येते. दरवर्षी नवी, कारण हंगामानंतर वेलाबरोबर दोरीही कापून टाकतात. हॉप्सच्या धंद्यात दरवर्षी न चुकता विकला जाणारा माल कोणता, तर दोरी! कोकणातल्या मंडळींनी हे वाक्य परत वाचावं.

जमिनीतून दहा-पंधरा कोंब येतील. त्यातले जोमदार दोन-तीन दोरीवर चढवायचे, बाकीचे छाटायचे. पहिल्या वर्षी मात्र मी थोडी सूट देईन. वेल अशक्त वाटला तर जास्त कोंब राहू द्या, जेवढी पानं तेवढं गड्ड्याला अन्न. मे-जूनमध्ये जमलेला वेल दिवसाला फूटभरही वाढू शकतो. पहिल्या वर्षीच्या वेलाकडून ही अपेक्षा ठेवू नका. मुळं उथळ असतात, म्हणून पाणी थोडं थोडं पण वारंवार. चिखल झाला की गड्डा सडतो.

रोगांची नावं नाशिककरांना पाठच आहेत. डावणी, भुरी, मावा, लाल कोळी. द्राक्षावर जे येतं त्याच जातीचे शत्रू इथेही. वेल दोरीवर चांगला वर गेला की खालची तीन फूट पानं काढून टाकायची, हवा खेळते आणि डावणी कमी येते. पण ही पानं काढणं दुसऱ्या वर्षापासून, पहिल्या वर्षी हात लावू नका.

आणि घरात कुत्रा असेल तर सावध. हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत, अंगातलं तापमान धोकादायक वाढतं. वापरून उरलेला चोथाही कुत्र्याच्या तोंडाला लागेल असा टाकू नका.

तोडणी आणि वजन

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर ही तोडणीची वेळ. फूल दाबून बघायचं. ओलसर, मऊ लागलं आणि दाबलेलंच राहिलं तर अजून कच्चं आहे. कागदासारखं कुरकुरीत लागलं, दाबून सोडल्यावर पुन्हा फुगलं, बोटांना चिकट पिवळी पूड आणि तीव्र वास आला, तर तयार. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, ते आकडे हाताला ओरखडे काढतात.

आता हिशोबाला महत्त्वाचं: ताज्या फुलात सुमारे 80 टक्के पाणी असतं. म्हणजे एक किलो ताजी फुलं वाळवली की हातात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास माल येतो. ज्यांनी मेथी किंवा कढीपत्ता वाळवून विकलाय त्यांना हे दुःख माहीत आहे. वाळवायचं ते 60 अंशांच्या आत, उन्हात नाही, जाळीवर पसरून पंख्याच्या वाऱ्यावर. फुलाच्या मधली दांडी वाकवल्यावर कटकन मोडली की वाळलं. मग हवाबंद पिशवी आणि थेट फ्रीझर. बाहेर उघडं ठेवलं तर काही दिवसांत शिळ्या चीजसारखा वास यायला लागतो.

पहिल्या वर्षी किती मिळेल? मूठभर. कधी तेही नाही. दुसऱ्या वर्षी बऱ्यापैकी, आणि तिसऱ्या वर्षापासून पूर्ण वेल. चांगल्या सांभाळलेल्या घरगुती वेलाला अर्धा ते एक किलो वाळलेली फुलं मिळू शकतात.

ताईंनी चार वेल लावले असं धरू. तिसऱ्या वर्षी वेलामागे अर्धा किलो, म्हणजे दोन किलो. घरगुती बिअरचा एक घाणा साधारण 19 लिटरचा, त्याला 60 ते 100 ग्रॅम हॉप्स लागतात. दोन किलोत वीस-तीस घाणे होतात. शेजारी महिन्याला एक घाणा करत असेल तर वर्षाला बारा. म्हणजे चार वेलांतच ताईंचा एकमेव ग्राहक पुरा झाला आणि माल उरला.

उरलेला माल पाकिटातून विकू म्हणा. 28 ग्रॅमचं पाकीट अडीच डॉलरला गेलं असं धरू. दोन किलोची सत्तर पाकिटं, 175 डॉलर. हातात आलेले पैसे बघून बरं वाटेल. पण एका मोठ्या वेलाची फुलं हाताने तोडायला अर्धा दिवस सहज जातो. चार वेलांचे सोळा तास धरा, वाळवणं-पॅकिंगचे चार. वीस तासांचे 175 डॉलर म्हणजे तासाला नऊपेक्षा कमी, आणि यात बेणं, दोरी, पाणी, पिशव्या धरलेल्याच नाहीत. ओरेगॉनचं किमान वेतन याहून बरंच जास्त आहे. बीबीएला कॉस्टिंगच्या तासाला आम्ही कारखान्यांची गणितं सोडवायचो, पण स्वतःचे तास खर्चात मांडायचे हे दुकान चालवल्याशिवाय कुणाच्या अंगवळणी पडत नाही.

शिवाय एक अडचण. घरच्या हॉप्समध्ये कडवटपणा किती टक्के, हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून ब्रुअरी असा माल सहसा घेत नाही, त्यांना तपासलेल्या, दाबून केलेल्या गोळ्या हव्यात. हौशी माणूसही घरचे हॉप्स शेवटी वासासाठी टाकतो.

मग मी ताईंना “लावा” का म्हटलं? कारण या वेलातून विकण्यासारखं फक्त वाळलेलं फूल नाही.

एक म्हणजे ताजं फूल. न वाळवलेल्या फुलांची बिअर तिकडे फक्त तोडणीच्या हंगामात करतात आणि फूल तोडल्यापासून साधारण एका दिवसात भांड्यात जावं लागतं. याकिमाचा माल त्या दिवशी पोर्टलंडच्या शेजाऱ्याच्या दारात नाही. ताईंचा आहे. वाळवण्याचे तासही वाचतात, फक्त ग्राहकाशी दिवस आधी ठरलेला हवा.

दुसरं, अख्खा वेल. फुलांसकट वाळवून दारावर, भिंतीवर लावायची माळ. इंग्लंडमध्ये केंटच्या बाजूला जुन्या पबमध्ये तुळयांवर असे वेल लावलेले असतात. यात फुलं तोडायचे तासच नाहीत. माझ्या मते ताईंचा खरा माल हाच, आणि ग्राहक बिअरवाला नसून घर सजवणारा आहे.

तिसरं, बेणं. तीन वर्षांच्या गड्ड्याला दर वसंतात बाजूची मुळं छाटावीच लागतात, नाहीतर वेल अंगणभर पसरतो. त्या छाटणीतून बेणं निघतं. पण रोप-बेणं विकण्याला राज्याच्या कृषी खात्याचे नियम आहेत, लायसन्सचे आणि रोगनियंत्रणाचे. आधी तिथे विचारायचं, मग पाटी लावायची.

आणि एक सावधगिरी. ताईंनी विचारलं, हॉप्सऐवजी बिअरच करून विकली तर? अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरी बिअर करायला केंद्राची मोकळीक मिळाली. एका प्रौढाच्या घराला वर्षाला 100 गॅलन, दोघे असतील तर 200. पण ती प्यायला, वाटायला. विकायला नाही.

सिन्नरचं अर्धा एकर

आता भाऊचं बघू. त्याच्या डोक्यात जो आकडा बसलाय तो बहुतेकांच्या डोक्यात 2021 मध्ये बसला. बिहारच्या औरंगाबाद जिल्ह्यातला एक शेतकरी हॉपचे कोंब पिकवतो आणि ती भाजी एक लाख रुपये किलोने जाते, अशी पोस्ट तेव्हा देशभर फिरली. नंतर पत्रकार गावात गेले, तर तिथे असं पीकच नव्हतं. पहिली पोस्ट सगळ्यांनी पाहिली, दुसरी बातमी थोड्यांनी.

कोंब महाग असतात हे खोटं नाही. बेल्जियमच्या पोपरिंगे भागात वसंताच्या तोंडावरचे पहिले कोंब शेकडो युरो किलोने जातात. पण का? हंगाम काही आठवड्यांचा, कोंब काडीएवढा, मातीत हात घालून एक एक वेचायचा, आणि एक किलो भरायला शेकडो कोंब. त्या भावात मजुरी बसलेली आहे. शिवाय तिथे ही भाजी खायची जुनी परंपरा आहे, हॉटेलवाले वाट बघत असतात. नाशिकच्या मार्केट यार्डात हॉपचे कोंब घेऊन बसलात तर कोण बोली लावणार? ताईंनी मात्र छाटणीतले कोंब फेकू नयेत. लसूण-मिरचीवर परता, छान लागतात.

पण भाऊला थांबवायचं मुख्य कारण बाजार नाही, सूर्य आहे.

हॉप्स दिवसाची लांबी मोजतो. दिवस मोठा असेपर्यंत तो नुसता वाढतो, आणि दिवस ठरावीक लांबीपेक्षा लहान व्हायला लागला की फुलोऱ्याच्या तयारीला लागतो. पोर्टलंडला जूनमधला सर्वांत मोठा दिवस पंधरा तास चाळीस मिनिटांचा. तोपर्यंत वेल छपरापर्यंत पोचतो, मग फांद्या आणि मग लगडून फुलं. नाशिकला वर्षातला सर्वांत मोठा दिवस तेरा तास वीस मिनिटांचा. म्हणजे आपल्याकडे या वेलाला जून असो की डिसेंबर, दिवस लहानच वाटतो. तो चार-पाच फुटांवर असतानाच फुलायला लागतो. पोराची उंची वाढायच्या आधीच त्याला नोकरीला लावल्यासारखं. फुलं येतात, फोटो छान येतो, रीलही होते. वजन येत नाही.

यावर उपाय आहे. शेवंतीच्या पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून फुलोरा पुढे ढकलतात, तेच तत्त्व. फ्लोरिडातही दिवस लहान पडतो, म्हणून तिथल्या विद्यापीठाने एलईडी लावून हॉप्सवर काम केलंय. म्हणजे अशक्य नाही. पण मग भाऊचा बेत काय उरतो? अर्ध्या एकरावर दर चौरस मीटरला पाच वॅट धरले तर दहा किलोवॅट दिवे. रोज चार तास म्हणजे 40 युनिट, नव्वद दिवसांचे 3,600 युनिट. बिल परवडेल एकवेळ. पण दिवे, वायरिंग, 18 फुटी मांडव यांचा खर्च तीन लाखांत बसत नाही. शेडनेट तर उलटंच, या वेलाला सावली नकोच आहे. व्यापारी लागवडीत एकरी साधारण 889 वेल असतात, म्हणजे अर्ध्या एकराला साडेचारशेच्या आसपास बेणं. बॅगेत किती मावणार?

आणि बॅगेतून आणायचंच नाही. परदेशातून लागवडीचं बेणं आणायला प्लांट क्वारंटाइन ऑर्डर 2003 प्रमाणे आधी आयात परवाना आणि त्या देशाचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. विमानतळावर जप्त झालं तर नशीब म्हणा. न पकडता आलं आणि त्याबरोबर एखादी नवी बुरशी आली तर शेजारच्या बागांचं काय?

ग्राहकाचंही बोलू. पुण्या-मुंबईत क्राफ्ट बिअरवाले आहेत, पण ते बहुतेक आयात केलेल्या गोळ्या वापरतात, ठरलेल्या वाणाच्या, ठरलेल्या टक्क्याच्या. त्यांच्याकडे “आमच्याकडे लोकल आहे” एवढंच सांगून जाता येत नाही. आणि घरगुती बिअरवाल्यांना विकू म्हणाल, तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हाच दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे तो ग्राहक इथे कायद्याने अस्तित्वातच नाही.

हौस म्हणून नियमाने मिळालेलं एखादं रोप कुंडीत लाव, दिवा लाव, निरीक्षण कर. हजार-दोन हजारांत शिकायला मिळेल. एफडीला हात लावू नको.

भाऊला तरीही हॉप्स सोडवत नाहीत, हे मला माहीत आहे. त्याला मी एक काम दिलंय. भारतात हॉप्सची शेती बघायची असेल तर हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात जायचं. तीन हजार मीटरच्या आसपास उंची, कडक थंडी, आणि जूनचा मोठा दिवस सव्वाचौदा तासांचा. मनालीपासून अटल बोगद्यातून पलीकडे निघालं की लाहौल. तोडणीच्या सुमारास, ऑगस्ट-सप्टेंबरात जा. तिथल्या शेतकऱ्याला तीन प्रश्न विचार: गेल्या वर्षी माल कुणी घेतला, पैसे किती दिवसांनी आले, आणि हॉप्स काढून वाटाणा, बटाटा किंवा फ्लॉवर लावणारे शेजारी किती. उत्तरं वहीत लिहून आण. त्यावर आपण वेगळा व्हिडिओ करू.